डोसिंग पंप आणि बागेतला कॅन

मला चार दिवस गावी जाता यावं म्हणून डॉक्टरबाईंनी पंप घ्यायचं ठरवलं, यावर माझा आजही नीट विश्वास बसत नाही. त्याआधी माझ्यासाठी कुणी मुद्दाम काही विकत आणलं असेल तर एक चप्पलजोड. तीही मामानं आणलेली, मी त्याच्याबरोबर तासगावच्या बाजूला द्राक्षबागेत कामाला आलो तेव्हा.

माझं गाव मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात. शाळा खाली मेढ्याला. आठवीत असताना एका पावसाळ्यात ओढ्याला पाणी म्हणून बरेच दिवस गेलो नाही, आणि मग पाऊस उघडल्यावर जायची लाज वाटायला लागली. तेवढ्यावर शाळा संपली. पुढची सात वर्षं बागेत फवारणी आणि ठिबकमधून खत सोडायचं काम केलं. एकदा दाढ दुखायला लागली म्हणून मिरजेला आलो आणि दवाखान्याच्या बाकड्यावर बसल्या बसल्या भिंतीतली टाकी बघितली. चार फूट लांब, आत निळा उजेड, आणि त्यात असं काही हलत होतं की ज्याला झाड म्हणावं का जनावर, ते कळेना. डॉक्टरबाई एका कोपऱ्यात सिरिंजनं काहीतरी सोडत होत्या. नंतर दुसऱ्या सिरिंजनं दुसऱ्या कोपऱ्यात. मी सुजल्या गालानं विचारलं, दोन्ही एकत्र घातलं तर फाटतं काय? बाई वळून बघायला लागल्या. तुला कुणी सांगितलं, म्हणाल्या. मी म्हटलं, बागेत कॅल्शियमचं खत दुसऱ्या खताबरोबर एका टाकीत घातलं की दह्यासारखं होतं आणि नळ्या तुंबतात.

दाढ काढून झाल्यावर त्यांनी माझा नंबर लिहून घेतला. तीन महिन्यांनी दवाखान्यातला माणूस सोडून गेला तेव्हा फोन आला. तेव्हापासून मी इथंच आहे. दवाखाना उघडतो, फरशी पुसतो, हत्यारं वाफेच्या यंत्रात लावतो, पेशंटची नावं लिहितो आणि टाकी सांभाळतो. दवाखान्यामागच्या खोलीत राहतो.

टाकीविषयी थोडं सांगायला हवं. प्रवाळ म्हणजे अंगठीतला लाल खडा, एवढंच मला माहीत होतं. ते जिवंत असतं, त्याला हजार तोंडं असतात, आणि ते पाण्यातला चुना ओढून आपलं घर बांधत राहतं, हे कळलं तेव्हा मी दोन दिवस त्याच्याकडे बघत होतो. पाण्यातला चुना ते संपवतं, म्हणून रोज परत घालावा लागतो. एका बाटलीत कॅल्शियमचं पाणी, दुसरीत सोड्याचं. सकाळी आणि संध्याकाळी, ठरल्या मापानं. एखादा दिवस चुकला तर चालतं, तीन दिवस चुकले तर कडेचे कोंब पांढरे पडायला लागतात. त्यांच्या सोबतीला दोन केशरी मासे, एक कोळंबी आणि काचेवरचं शेवाळ खाणारे जिवंत शंख होते. बाईंनी यातलं प्रत्येक प्रवाळ बोटाच्या पेराएवढा तुकडा आणून वाढवलं होतं. माझ्या हाती टाकी दिली तेव्हा म्हणाल्या होत्या, माझी नऊ वर्षं आहेत यात.

हे ऐकल्यापासून मी रविवारीही कुठं गेलो नाही. मिरजेहून सातारा, साताऱ्याहून मेढा, तिथून वर चालत. जायला एक दिवस, यायला एक दिवस. दीड वर्ष गावाकडं गेलो नव्हतो आणि सुटी मागितलीही नव्हती. मागितली तर बाईंना वाटेल याचं लक्ष उडालं, दुसरा माणूस बघतील, अशी भीती. बाईंनी तसं कधी दाखवलं नव्हतं. भीती माझीच होती.

एके दिवशी आईचा फोन आला तेव्हा माझे हात कोपरापर्यंत खाऱ्या पाण्यात होते. बाई शेजारी उभ्या होत्या, त्यांनीच फोन उचलून स्पीकरवर लावला. आईला काय कल्पना. ती म्हणाली, कवा येनार हायस? मी म्हटलं, मासे हायत की गं हितं. आई म्हणाली, "माशांस्नी आय न्हाई व्हय रं?"

बाई हसल्या. पण दुसऱ्या दिवशी पेशंट नसताना त्यांनी मला समोर बसवलं आणि सांगितलं की आपण डोसिंग पंप घेऊ, तो आपोआप माप घालत राहील, आणि कुठला घ्यायचा ते तू ठरव. मी म्हटलं, मला इंग्रजी वाचता येत नाही. म्हणाल्या, वाचून मी दाखवीन, ठरवायचं तू. रोज हात तुझा लागणार आहे.

आठवडाभर मी दुसरा विचार केला नाही. पुण्याचा एक दुकानदार होता, त्याच्याशी हिंदीत फोनवर बोलायचो. त्यानं तीन पंप दाखवले. एक अगदी साधा, एकाच नळीचा. वेळ लावायची, पण मिलीलिटर त्याला समजत नव्हतं. एक चार नळ्यांचा, सगळा कारभार मोबाईलवरून. दुकानदार त्याचंच कौतुक करत होता. मी त्याला विचारलं, लाईट गेली आणि परत आली तर पंपाला वेळ आठवते का? तो म्हणाला, इंटरनेट आलं की आठवते. आणि इंटरनेट नाही आलं तर? तो किंमत सांगायला लागला. मिरजेत लाईट गेली की इंटरनेट कधी येईल ते कोण सांगणार. मी मधला घेतला. दोन नळ्यांचा, बटणांचा, आत छोटा सेल असलेला, म्हणजे लाईट गेली तरी घड्याळ चालू. बाईंनी मान डोलावली. मला तेवढ्यानंच घाम फुटला होता.

पंप आला तेव्हा आम्ही दोघांनी मिळून तो उघडला. आत चक्रावर तीन रूळ असतात. ते मऊ नळी दाबत फिरतात आणि पाणी पुढं सरकतं, धार काढताना सड वरून खाली दाबत आणतात तसं. पाण्याला पंपाचा कुठलाच भाग लागत नाही, फक्त नळी. मी नळीचं तोंड दवाखान्यातल्या मोठ्या सिरिंजमध्ये सोडलं आणि दहा मिली सांगितलं. साडेआठ आले. बटणावर साडेआठ भरले, परत सोडलं. पावणेदहा. तिसऱ्यांदा बरोबर दहा. दोन्ही नळ्यांना असं केलं. मग एक नळी टाकीच्या डाव्या टोकाला, एक उजव्या, आणि दोन्हींची तोंडं पाण्याच्या वर बोटभर, नाहीतर टाकीतलंच पाणी उलटं ओढलं जायचं. कॅल्शियम सकाळ-संध्याकाळ सातला, सोडा नऊला. एकमेकांना भेटायलाच नकोत. बाई खुर्चीवर बसून बघत होत्या. एकदा म्हणाल्या, मी तुला दात काढायला शिकवायला पाहिजे होतं. मी त्या दिवशी जेवलो नाही, इतका आनंद झाला होता.

आता राहिले होते दोन कॅन, ज्यातून पंप पाणी ओढणार. टाकीखालच्या कपाटात पाच लिटरचे बसत होते. बाजारातले मला पातळ वाटले, दाबले की आत जाणारे. मला बागेतले आठवले. जाड प्लास्टिकचे, निळे, घट्ट झाकणाचे, उन्हातही न तडकणारे. रविवारी तासगावला गेलो. मुकादम जुना माणूस, त्यानं दोन कॅन काढून दिले आणि वर दोन शिव्या, की शहरात गेलास आणि कॅन मागायला आलास. मी ते आणून तीनदा धुतले. बागेत आमची तशीच रीत. एकदा साबणानं, एकदा गरम पाण्यानं, एकदा नुसत्या पाण्यानं, आणि मग दिवसभर उन्हात. वास घेऊन बघितला, काही नाही. बाईंनी विचारलं, स्वच्छ आहेत ना? मी म्हटलं, आवं बाई, आमी ह्यातनं पाणी पितो.

बाईंना वाटलं पाण्याचे कॅन आहेत.

गावी जायला पाच दिवस होते. मी पंप चालू केला, म्हणजे मी इथं असतानाच तो नीट चालतो का ते कळावं. पहिला दिवस ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळी साफसफाई करणारी कोळंबी दिसली नाही. ती कात टाकताना लपते, म्हणून मी फार बघितलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी शटर वर केलं आणि टाकीसमोर उभा राहिलो तो उभाच राहिलो.

काचेवरचे शंख सगळे खाली पडले होते. सगळे. बारा होते. काही उलटे, पाय बाहेर लोंबत. कोळंबी दगडामागं, पांढरी, उकडल्यासारखी. आणि प्रवाळं मिटली होती. इतकी वर्षं फुलल्यासारखं दिसणारं सगळं आत ओढून नुसता दगड राहिला होता. दोन्ही केशरी मासे मात्र फिरत होते, रोजच्यासारखे, आणि मला बघून खायला मागत वर आले.

माझी पिशवी आतल्या खोलीत भरून ठेवलेली होती. आईला काल सांगितलं होतं, दोन-तीन दिवसांत निघतो.

पहिला विचार आला की पंपानं जास्त सोडलं. मी पाणी काढून तपासलं. थेंब टाकायचे, रंग बदलेपर्यंत मोजायचे. कॅल्शियम बरोबर. सोडा बरोबर. खारटपणा बरोबर, ऊब बरोबर. मी परत मोजलं, परत बरोबर. त्याची मला जास्त भीती वाटली. चूक सापडली असती तर हातात धरता आली असती. इथं सगळी मापं शाबूत आणि टाकी मरत होती.

बाईंना फोन लावला आणि लगेच या म्हटलं. त्या पंधरा मिनिटांत आल्या, घरच्या साडीवर. टाकीजवळ गेल्या, काचेला हात लावला. मला वाटलं आता त्या मला जायला सांगतील, आणि सांगितलं तर बरोबरच आहे. पण त्यांनी खुर्ची ओढली, समोर बसल्या आणि पेशंटला विचारतात तसं विचारायला लागल्या. पंप आला त्या दिवसापासून काय काय केलंस, क्रमानं सांग. काही गाळू नकोस. मी सांगत गेलो. नळी, सिरिंज, वेळा, कॅन, तीनदा धुणं. त्यांना त्यात काही सापडेना.

नीट दिसावं म्हणून त्यांनी टाकीचा निळा दिवा बंद केला आणि मी कपाटाची दारं उघडली. बाहेरचं ऊन थेट आत आलं. पंपाची कॅल्शियमची नळी पारदर्शक होती, आणि त्यातलं पाणी निळसर दिसत होतं. सोड्याच्या नळीतलं नव्हतं. चार दिवस मी ती नळी दहा वेळा बघितली असेल, पण टाकीचा उजेडच निळा, त्यात ते कसं दिसणार. मी दिव्याचं बटण परत बघितलं. दिवा बंदच होता.

तो रंग मी ओळखत होतो. सात वर्षं तो माझ्या नखांत होता.

बागेत मोरचूद लागतं, तांब्याचा निळा खडा. चुन्याबरोबर कालवून त्याची फवारणी करतात. मोरचूद लोखंड खातं, म्हणून त्याचं पाणी प्लास्टिकच्या कॅनमध्येच ठेवतात. चुना पुरेसा पडलाय का हे बघायला आम्ही विळ्याचं पातं त्यात बुडवायचो. पात्यावर तांबडा थर आला तर तांबं अजून मोकळं आहे, आणखी चुना घाला. मला दुसरी कुठली परीक्षा येत नव्हती आणि तांबं मोजायची बाटली दवाखान्यात नव्हती. मी दुरुस्तीच्या सामानाच्या डब्यातला एक लोखंडी खिळा फरशीवर घासून चकचकीत केला, वाटीत कॅल्शियमचं पाणी घेतलं आणि खिळा त्यात उभा केला. बाई विचारत होत्या, काय करतोयस. मी म्हटलं, थोडं थांबा.

अर्ध्या तासानं खिळा बाहेर काढला. पाण्यातला अर्धा भाग तांबडा झाला होता.

मी म्हटलं, "बाई, तांबं हाय."

"तांबं? ते माशांना सोसतं, शंखांना आणि प्रवाळांना विष. पण कुठून येणार?"

"कॅनमधनं. मोरचुदाचा कॅन हाय ह्यो."

त्या म्हणाल्या, "तू तर म्हणालास त्यातून पाणी पिता."

"पितो की."

"कोण पितं?"

"सगळीच. फवारणी झाली की कॅन रिकामे होतात, मग धुऊन पाण्याला घेतात. मी सात वर्षं पिलो."

बाई खाली बसल्या. मला आधी कळलंच नाही त्या का बसल्या. टाकीसाठी असेल, असं वाटलं. मग त्यांनी विचारलं की उलट्या व्हायच्या का, पोट दुखायचं का, कामावर कुणी आजारी पडायचं का. व्हायच्या की, मी म्हटलं, उन्हात सगळ्यांनाच होतात. हे मी बोललो आणि माझा मलाच आवाज ऐकू आला. बारा शंख खाली पडले होते. त्यांना चार दिवस लागले. आम्हाला उन्हाचं वाटायचं.

त्या दिवशी बाईंनी सगळे पेशंट पुढं ढकलले. पंप बंद केला. तयार खारं पाणी शंभर लिटर होतं, ते बदललं, मग शुद्ध पाणी काढून त्यात मीठ विरघळवत बसलो, परत बदललं. तांबं ओढून घ्यायला कोळशाच्या पिशव्या लावल्या. मेलेले शंख मी चाळणीनं काढले. बाईंनी ते मोजले नाहीत, मी मोजले. दुपारी थोडी उसंत मिळाली तेव्हा मी करवतीनं तो कॅन कापला. आतून स्वच्छ होता, कुठं डाग नाही. मग मूठ कापली. कॅनची मूठ आतून पोकळ असते, हे कधी ध्यानातच आलं नव्हतं. तिच्यात निळाहिरवा थर बसला होता, नखानं निघेल असा. आमचं तीनदा धुणं तिथपर्यंत कधी पोचलंच नव्हतं. इतक्या वर्षांत एकदाही.

मी तो तुकडा हातात धरून मुकादमाला फोन लावला. त्याला सांगितलं. तो हसला. "आरं गड्या, आमी काय शंख हाय व्हय?"

मी म्हटलं, कॅनची मूठ कापून बघ.

मागून बागेतला ट्रॅक्टर ऐकू येत होता. मग म्हणाला, "पोरं बी त्यातलंच पित्यात की रं."

दुसऱ्या दिवशी बाईंनी पिण्याच्या पाण्यासाठी नळ असलेली दोन मोठी नवी पिंपं घेतली आणि गाडीत घालून मलाच बरोबर घेऊन तासगावला गेल्या. बागमालकाशी त्या काय बोलल्या ते मी ऐकलं नाही, मी लांब उभा होतो. मालक खाली बघत होता एवढं दिसलं. निळे कॅन एका जागी काढून त्यांना भोकं पाडायचं काम मुकादमानं आणि मी केलं. तो मला उगाच टोमणे मारत होता, पण हात थांबवत नव्हता. मिरजेला परत आल्यावर बाईंनी माझं रक्त तपासायला पाठवलं. काळजीचं काही निघालं नाही. रिपोर्ट हातात घेऊन मी दवाखान्याच्या पायरीवर किती वेळ बसलो होतो ते आठवत नाही.

टाकीचं सांगतो. शंख गेले, कोळंबी गेली, आणि प्रवाळांतली पाच पांढरी पडली. बाकीची मिटलेलीच होती. जगतील का मरतील हे बाईंनाही सांगता येईना. मी पिशवी मोकळी केली होती आणि आईला कळवलं होतं की येत नाही. रोज सकाळी हातानं सिरिंज भरायचो आणि बाईंकडे बघायचं टाळायचो. आठव्या दिवशी त्या म्हणाल्या, पंप परत लाव.

मी म्हटलं, नको बाई, माझ्या हातून नको.

त्या म्हणाल्या, "पंप तू बरोबर निवडलास, माप बरोबर लावलंस. कॅन कुठून आला ते मी विचारायला पाहिजे होतं. मी विचारलं नाही. आता लाव, आणि गावी जा."

दोन काचेच्या बरण्या आणल्या, झाकणाला भोक पाडून नळ्या सोडल्या. दोन्ही पाण्यांत खिळा उभा करून ठेवला. अर्धा तास, मग एक तास, मग रात्रभर. सकाळी दोन्ही खिळे काढून खिडकीत उन्हाला धरले. एकावर गंजाचे ठिपके होते, तांब्याचा थर कशावरच नव्हता. तरी बोट बटणावर जाईना. बाईंना एक पाऊल पुढं येऊन ते दाबता आलं असतं. त्या जागच्या हलल्या नाहीत. शेवटी मीच दाबलं. रूळ फिरले, नळीच्या टोकाला थेंब आला आणि पडला. माझा हात बटणावर तसाच राहिला होता.

तीन दिवस मी टाकीपुढून उठलो नाही, मग बाईंनीच साताऱ्याच्या गाडीत बसवलं. दवाखान्याची किल्ली घेतली आणि म्हणाल्या, फोन करू नकोस, मी करीन.

घरी पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. आईनं तांब्याभर पाणी पुढं केलं. मी प्यायच्या आधी आत वाकून बघितलं. ती म्हणाली, इचू हाय का काय त्यात? मी पाणी प्यायलो.

सकाळी साडेसहापासून मी अंगणात फोन घेऊन उभा होतो. आमच्याकडे रेंज फक्त अंगणाच्या कडेला येते. सात वाजले. सव्वासात वाजले. मग फोन वाजला. बाई हळू बोलत होत्या, टाकीजवळ असल्यासारख्या. पंप बरोबर सातला फिरला, दहा मिली पडले. मासे ठीक आहेत. आणि डावीकडच्या दगडावरचं, मोठं, कालपर्यंत मिटलेलं, त्याची वरची बाजू उघडली आहे. सगळं नाही. वरची बाजू.

फोन ठेवला तरी तिथंच उभा होतो. आई चुलीजवळून उठून दारात आली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि घाबरली. म्हणाली, "कोन गेलं का रं?"

"न्हाई गं," मी म्हटलं. "एक उघडलंय."